फाटकाशी काय लावावं: ख्रिसमस ट्री की कण्हेर?

संगममाहुली

नमस्कार मंडळी. साताऱ्याबाहेर तीन गुंठ्यांत घर बांधून झालंय, रंगाचा शेवटचा हात चालू आहे. घर बांधताना आम्ही भांडलो नाही तेवढे आता दोन खड्ड्यांवरून भांडतोय. फाटकाच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक खड्डा, तीन बाय तीनचा, शेणखत घालून तयार. पाऊस लागायच्या आत काहीतरी लावायचंय.

नवऱ्याला ख्रिसमस ट्री हवंय. तेच ते, मजल्यामजल्याने फांद्या असलेलं, वर निमुळतं होत गेलेलं. घराच्या नकाशासोबत जे रंगीत चित्र मिळालं त्यात दोन्ही बाजूंना तीच झाडं काढलेली होती आणि साहेब तेव्हापासून त्यांच्या प्रेमात आहेत. बारमाही हिरवं, पानगळ नाही, झाडू मारायला नको, असं त्याचं म्हणणं.

सासूबाईंना कण्हेर हवी. गावच्या वाड्याच्या परसात गुलाबी कण्हेर आहे, त्यांच्या सासूबाईंनी लावलेली. वाडा उतरवायला काढलाय. "तीही बारमाही हिरवीच असते, शिवाय देवाला फूल देते. तुझं ते झाड काय देतं?" असा त्यांचा सवाल, आणि त्यावर साहेब गप्प.

आणखी माहिती: फाटकावरून विजेची तार गेलीय. वर दीडेक फूट काळी माती, खाली मुरूम. लेक चार वर्षांची. शेजारच्यांच्या शेळ्या आहेत आणि आमचं कुंपण अजून अर्धवट आहे. अनुभवी लोकांनी बोला.

टवाळ_कार्टं

खड्डे दोन, उमेदवार दोन. एकात हे, एकात ते. धागा संपला, चला चहा घेऊ.

संगममाहुली

हे मी पहिल्याच दिवशी सुचवलं होतं. दोघंही एकदम माझ्यावर उलटले. या घरात त्यांचं एकमत झालेला तो एकमेव मुद्दा.

किकलीचे_अण्णा

ताई, तुमच्या यजमानांना हा प्रतिसाद वाचून दाखवा. मी १९९४ साली बंगल्यापुढे ख्रिसमस ट्री लावलं. कुंडीत गुडघ्याएवढं होतं. सौ. म्हणाल्या, किती गोजिरवाणं! पहिली चार-पाच वर्षं खरोखर गोजिरवाणं होतं. नाताळात शेजारची पोरं त्याला चांदण्या बांधायची.

मग ते जे सुटलं ते आजतागायत थांबलेलं नाही. आमचा बंगला दोन मजली, झाड आता गच्चीच्या पाण्याच्या टाकीला मागे टाकून वर गेलंय. मधे एकदा वायरमन आला आणि तारेला लागतं म्हणून शेंडा छाटून गेला. या झाडाचा सगळा डौल शेंड्यात असतो हो. शेंडा गेला आणि तिथून दोन नवे कोंब फुटले. आता आमच्या दारात दोन मुंडक्यांचं झाड आहे. पत्ता सांगायला सोपं जातं, "दोन शेंड्यांच्या झाडाचा बंगला" म्हटलं की रिक्षावाला बरोबर आणून सोडतो.

काढायचं म्हटलं तर शहरी हद्दीत परवानगी लागते, १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. कायदा योग्यच आहे, माझी तक्रार नाही. पण लावताना मला कुणी सांगितलं नव्हतं की हे कुंडीतलं प्रकरण आयुष्यभराचं आहे. आणि "पानगळ नाही" हे विसराच. पानं गळत नाहीत, अख्ख्या डहाळ्या गळतात. दोरखंडासारख्या, वाळलेल्या, टोचऱ्या. झाडूला दाद देत नाहीत, हाताने गोळा कराव्या लागतात.

निशाचर

अण्णा, दोन मुंडक्यांचा फोटो टाका. फोटोशिवाय विश्वास ठेवत नसतो आम्ही.

पानफुटी

अण्णांनी मुद्द्याचं लिहिलंय. मी बरीच वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, म्हणून थोडी भर घालते. मोठं होईल, चालवून घ्या.

आपल्याकडे नर्सरीत ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात ते अरौकारिया. युरोप-अमेरिकेत नाताळाला घरात आणतात ते फर किंवा स्प्रूस, त्याचा आणि याचा संबंध फक्त लांबचा. अरौकारियाच्याही दोन जाती आपल्याकडे एकाच नावाने विकल्या जातात. एक नॉरफोक बेटावरची, दुसरी न्यू कॅलिडोनियाची, तिला कुक पाइन म्हणतात. कॅप्टन कुक १७७४ साली दोन्ही बेटांवर गेला होता आणि हे सरळसोट बुंधे पाहून जहाजाच्या डोलकाठ्यांना उपयोगी पडतील म्हणून खूश झाला होता. डोलकाठी होऊ शकेल असं झाड आपण विजेच्या तारेखाली लावतो, यावर वेगळं काय बोलू?

भारतात नॉरफोक म्हणून लावलेली पुष्कळ झाडं प्रत्यक्षात कुक पाइन असतात. ओळखायची खूण मजेशीर आहे. कुक पाइन झुकतं, तेही विषुववृत्ताच्या दिशेला. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. २०१७ साली पाच खंडांतल्या २५६ झाडांची मोजणी प्रसिद्ध झाली, सरासरी झुकाव साडेआठ अंशांचा भरला. विषुववृत्तापासून जितकं लांब तितकं जास्त झुकतं. असं का, हे पक्कं उलगडलेलं नाही.

आता खरेदीचा सल्ला. रोप बियांपासून केलंय की छाटापासून, हे विचारा. शेंड्याचा छाट लावला तर झाड उभं वाढतं. बाजूच्या फांदीचा छाट लावला तर त्याला मूळ फुटतं, ते जगतं, पण आयुष्यभर फांदीसारखं आडवंच वाढत राहतं. त्याला आपण झाड झालोय हे कळतच नाही.

टवाळ_कार्टं

शेवटचं वाक्य वाचून माझ्या धाकट्या भावाची आठवण झाली.

हॉस्टेल_नं_३

पानफुटीताई, तुम्ही माझ्यावरचा पंधरा वर्षांचा कलंक पुसलात! आमच्या कॉलेजच्या आवारात असलंच झाड होतं, दक्षिणेकडे वाकलेलं. आम्ही पोरं त्याला टेकून उभी राहतो म्हणून ते वाकलं, असं रेक्टर सरांचं ठाम मत होतं. दंडही केला होता. पन्नास रुपये.

रंकाळा

कण्हेरीला नावं ठेवायची नाहीत हां. संस्कृतात कण्हेर म्हणजे करवीर. आमचं कोल्हापूर म्हणजे करवीर, आमचा तालुका करवीर. सासूबाईंना म्हणावं, कोल्हापूरचा पाठिंबा आहे. नाद नाही करायचा.

निशाचर

करवीर नावामागे देवीने हे क्षेत्र गदेने की हाताने उचलून धरलं अशीही कथा सांगतात ना?

रंकाळा

कथा चार आहेत भावा. फूल एकच आहे.

किकलीचे_अण्णा

साताऱ्यालाही कमी लेखू नका. वेण्णेवरचं कण्हेर धरण आमचं, शिंद्यांचं मूळ गाव कण्हेरखेड आमचं.

लोकल_प्रवासी

आणि बोरिवलीची कान्हेरी लेणी! म्हणजे मुंबईतही कण्हेरच.

पानफुटी

नाही हो. कान्हेरी आलं कृष्णगिरीवरून, काळ्या डोंगरावरून. तिथल्या शिलालेखात 'कण्हगिरि' आहे. तिथे कण्हेरीचा हात नाही.

लोकल_प्रवासी

माझी माघार. पण तिथे वडापाव चांगला मिळतो एवढं नमूद करतो.

वसईचा_पाव

धागा लेण्यांत शिरायच्या आत मूळ विषयावर येतो. आमच्याकडे वसईत नाताळाला पूर्वी सुरूची फांदी आणायची पद्धत होती. डब्यात वाळू भरायची, त्यात फांदी खोचायची, वर कापूस पसरायचा, झालं. बाबा पहाटे किनाऱ्यावर जाऊन आणायचे. तर शेणखत घातलेला खड्डा आहे, कोकणात सुरू मस्त वाढतो, तोही सूचिपर्णीच, म्हणजे सुईसारख्या पानांचाच आहे, तो लावा की. अरौकारियापेक्षा स्वस्त.

पानफुटी

वसईकर, नाताळाची आठवण गोड आहे, पण सुरू सूचिपर्णी नाही! अर्धा महाराष्ट्र इथे फसतो. सुरू सपुष्प आहे, आंबा-फणसाच्या बाजूचा. ज्याला आपण त्याची सुई म्हणतो ती हिरवी डहाळी असते. लहानपणी पेरात तोडून परत जोडायची आणि "कुठे तुटलंय सांग" म्हणून खेळायचं, आठवतंय? त्या प्रत्येक पेरावर बारीक दातऱ्यांचं एक कडं असतं, ते दातरे म्हणजे त्याची पानं. ज्याला शंकू समजतो ते फळ. देवदार-चीड यांच्या बिया खवल्यांवर उघड्या असतात, म्हणून ते अनावृत्तबीजी. सुरूच्या बिया फळात झाकलेल्या.

उच्चारानेही घोळ वाढवलाय. किनाऱ्यावरचा तो सुरू. मुघल बागांच्या चित्रांत उभा दिसतो तो सरू, आणि तो मात्र खराखुरा सूचिपर्णी.

पाचगणीला रस्त्याकडेला उंच उभे असतात त्या सिल्व्हर ओकलाही लोक पाइनचा भाऊ समजतात. तो ना ओक, ना पाइन. ऑस्ट्रेलियातून आलेलं फुलझाड आहे ते.

खरं सांगायचं तर महाराष्ट्राच्या रानात मूळचं एकही सूचिपर्णी झाड नाही. सगळ्या दक्षिण भारताचा एकच स्थानिक सूचिपर्णी आहे, नागेइया, आणि तो सह्याद्रीच्या पार दक्षिण टोकाला, केरळ-तमिळनाडूच्या जंगलात. त्यालाही सुया नसतात, चांगली रुंद पानं असतात. म्हणजे सूचिपर्णी असून पर्णी सूची नाही. परीक्षेत हा प्रश्न घालायची माझी फार इच्छा होती, विद्यार्थ्यांवर दया आली.

वसईचा_पाव

बावन्न वर्षांचा झालो, आज कळलं. मग निसर्ग वादळात (३ जून २०२०) आमच्या अलिबागच्या मावशीच्या वाडीत सुरू आडवे झाले, ते फुलझाडच म्हणायचं तर.

शेळीपालक_फलटण

सगळे गप्पा मारताय, ताईंनी शेळ्यांचा उल्लेख केलाय तो कुणी वाचला का?

कण्हेर विषारी आहे. पान, फूल, साल, मूळ, सगळी. हिरवं पान कडू म्हणून जनावर सहसा तोंड लावत नाही. घात होतो तो छाटणीनंतर. छाटलेल्या फांद्या कुंपणाबाहेर टाकतात, पाला वाळतो, कडूपणा जाणवेनासा होतो आणि चारा कमी असला की शेळी खाते. माझ्या ओळखीत एकाच्या दोन शेळ्या एका दुपारीत गेल्या. थेट काळजावर परिणाम करतं ते, ठोके बिघडतात.

लावायचीच तर छाटण पुरून टाका. जाळू नका, धूरही वाईट. चीक लागला तर हात धुवा. आणि आधी ते कुंपण पूर्ण करा.

संगममाहुली

बापरे. लेकीचं काय? ती सध्या दिसेल ते तोंडात घालायच्या वयातून नुकतीच बाहेर पडलीय.

जोगेश्वरीची_ज्योती

माझ्या माहेरी तीन पिढ्या कण्हेर आहे, आम्ही पाच भावंडं तिच्याखाली खेळून वाढलो, कुणाला काही झालं नाही. उगाच घाबरवू नका. विषारी म्हणून काय काय उपटणार? हायवेच्या दुभाजकात मैलोन्‌मैल कण्हेर लावलीय सरकारनेच.

शेळीपालक_फलटण

दुभाजकात लावतात कारण तिथे जनावर चरायला येत नाही, आलं तरी तोंड लावत नाही, धूर-धूळ सोसते आणि समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर येत नाही. ते दुभाजक आहे ताई, अंगण नाही.

बंगळुरू_सातवा_क्रॉस

दोघांचंही बरोबर आहे. केरळात २०२४ च्या मे महिन्यात त्रावणकोर आणि मलबार देवस्वम (म्हणजे देवस्थान) मंडळांनी कण्हेर (तिकडे अरळी म्हणतात) नैवेद्यात आणि प्रसादात वापरायला बंदी केली. देवाच्या अंगावर वाहायला हरकत नाही, माणसाच्या तोंडात जाणार असेल तर नको, असा सरळ हिशेब. सासूबाईंना हे पटेल. फूल देवाला, पण तीर्थाच्या भांड्यात नाही. मुलांना "हे तोंडात घालायचं नाही" हे जसं रॉकेलबद्दल शिकवत होतो तसं शिकवायचं. आणि चुकून कुणी खाल्लंच तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना.

पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हे वेगळं झाड. तिच्या बियांनी आपण खेळायचो. तीही विषारीच. आपल्या लहानपणाला देवाने वाचवलं एवढंच.

लेस्टरची_काकू

परदेशातून दोन पैसे माझे. (पेन्स म्हणा.) इंग्लंडात हेच भांडण शेजाऱ्या-शेजाऱ्यांत होतं आणि त्यावर चक्क कायदा आहे.

इथे लेलँडाय नावाचा सूचिपर्णी कुंपणाला लावतात. १८८८ साली वेल्समधल्या एका हवेलीच्या बागेत दोन वेगळ्या सायप्रसचा आपोआप संकर झाला, त्याची ही अवलाद. वर्षाला तीन-तीन फूट वाढते. एकाने आडोसा म्हणून लावायचं आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात बारा महिने अंधार. शेवटी २००३ च्या समाजविघातक वर्तनाच्या कायद्यात उंच कुंपणांसाठी वेगळा भाग घातला. सदाहरित कुंपण दोन मीटरच्या वर गेलं आणि त्रास झाला तर कौन्सिलकडे तक्रार करता येते. दारू पिऊन दंगा घालणारे आणि झाड न छाटणारे एकाच कायद्यात!

मी इथे आले तेव्हा आमच्या मागच्या अंगणात लेलँडायची रांग होती. आमच्या ह्यांनी उत्साहाने एका बाजूने खोलवर छाटली, आतलं तपकिरी लाकूड दिसेपर्यंत. दुसऱ्या वर्षी हिरवं होईल म्हणून वाट पाहिली. सहा वर्षं पाहिली. नाही फुटलं. बहुतेक सूचिपर्णींना जुन्या लाकडातून फूट येत नाही, हे नंतर कळलं. मग ती रांग काढून कॅमेलिया लावले. बारमाही हिरवे, थंडी संपता संपता फुलतात आणि छाटणी चुकली तरी परत उभे राहतात. चहा कॅमेलियाचाच भाऊबंद आहे, म्हणून आमचे हे रोज त्याच्याकडे बघून विचारतात, "कधी उकळायचा?"

टवाळ_कार्टं

मी पहिल्याच प्रतिसादात चहा म्हटलं होतं. द्रष्टा म्हणतात मला.

किकलीचे_अण्णा

काकूंचा छाटणीचा मुद्दा लाखमोलाचा. शेजारच्यांच्या मोरपंखीचं हेच झालं. खालून वाळत गेली, वाळलेलं छाटलं, तिथे कायमचं भगदाड. आता वरून हिरवा शंकू आणि खालून काटक्यांचा घागरा.

गच्चीवाली

मोरपंखीचं नाव निघालं! शाळेत आम्ही तिला विद्या म्हणायचो. विद्येचं पान पुस्तकात ठेवलं की अभ्यास चांगला होतो. माझ्या भूगोलाच्या पुस्तकात नऊ पानं होती, मार्क पस्तीस पडले. तीही सूचिपर्णी का?

पानफुटी

हो, तीही. पान चपटं, खवल्याखवल्यांचं असतं म्हणून सुई वाटत नाही. बारीक निळसर शिंगं असलेली फळं यायची ना, ते तिचे शंकू. खालून वाळते त्याला दोन कारणं जास्त करून. लाल कोळी, नाहीतर काळ्या मातीत बुडाशी साचलेलं पाणी. मार्कांचं कारण मला माहीत नाही.

संत्र्याचा_बगीचा

आमच्याकडे वरुडात कोणी असं फाटकासाठी भांडत नाही बाप्पा, संत्र्यासाठी भांडतात. मी म्हणतो दोन्ही सोडा, कुंती लावा. पांढरी फुलं, पाऊस पडला का रात्रभर घमघमाट, छाटली तशी बसते. पण एक सांगून ठेवतो, आसपास संत्रा-मोसंबी-लिंबाची बाग असन तर कुंती नको. सिट्रस सायला नावाची कीड तिच्यावर मस्त पोसते आणि तिथून बागेत जाते. झाडं पिवळी पडण्याचा जो रोग आहे तो तीच पसरवते. म्हणून मी स्वतः नाही लावली. सल्ला देतो फक्त.

निशाचर

स्वतः न लावता सल्ला देणारा पहिलाच प्रामाणिक माणूस.

देवभूमी_फिरस्ता

मी मसुरीला देवदार पाहिलेत. पहाटे धुक्यात उभे असतात तेव्हा माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. फूल नाही, वास नाही म्हणणाऱ्यांनी एकदा देवदाराखाली बसून यावं. दारात देवदार लावता येईल का?

पानफुटी

साताऱ्याच्या एप्रिलात त्याला उभं करायचं म्हणजे आजोबांना उन्हात रांगेत उभं करण्यासारखं आहे. हिमालयात दीड-दोन हजार मीटरच्या वर तो सुखी असतो. त्याला तिथेच जाऊन भेटा.

फुलपाखरू_मोजणारा

एक बाजू कुणीच मांडली नाही. दारात जीव काय काय येतात?

अरौकारिया वाऱ्यावर परागण करतो, त्यामुळे मधमाशी-फुलपाखरू कुणी फिरकत नाही. कावळा घर बांधतो, तेवढंच. आमच्या मोरपंखीत मात्र बुलबुल दोनदा वीण घालून गेले. दाट असल्यामुळे मांजराला दिसत नाही.

कण्हेरीवर ओलिअँडर हॉक मॉथ या पतंगाची अळी येते. बोटाएवढी, हिरवीगार, पुढे दोन निळे डोळे काढलेले. ते डोळे खोटे, पक्ष्यांना घाबरवायला. कॉमन क्रो फुलपाखराचा कोषही कण्हेरीच्या पानाखाली सापडतो, तो तर चांदीचं कानातलं लटकवल्यासारखा चकाकतो. शेळी ज्या पानाने मरते त्यावर ही बाळं वाढतात.

जोगेश्वरीची_ज्योती

बघा! आणि मधमाश्यांना मधही मिळतो.

पानफुटी

ज्योतीताई, परत एकदा सॉरी. कण्हेरीच्या फुलात मध नसतो. रंग आहे, वास आहे, आत काही नाही. कीटक फसून येतात, तेवढ्यात परागाचं काम उरकतं. सासूबाईंचा सवाल होता ना, "तुझं ते झाड काय देतं?" मधमाशीने हाच सवाल कण्हेरीला विचारला तर कण्हेरही गप्पच बसेल.

जोगेश्वरीची_ज्योती

तुम्ही नेमक्या कुणाच्या बाजूने आहात?

पानफुटी

झाडांच्या. :)

गंमत सांगते. वर्गात कण्हेरीच्या पानाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. पानाच्या खालच्या अंगाला छोट्या खळग्या दिसतात, त्यांत केस आणि त्या केसांच्या आड श्वासाची छिद्रं लपलेली. पाणी उडू नये म्हणून. मग पाइनच्या सुईचा काप ठेवायचे. तिथेही छिद्रं आत खोल बसलेली. एकमेकांना कोट्यवधी वर्षं न भेटलेल्या दोन घराण्यांनी एकच युक्ती काढली. म्हणून दोघंही बारमाही हिरवे आणि दोघंही उन्हाला पुरून उरतात. तुमचे यजमान आणि सासूबाई एकाच गोष्टीवर भाळलेत, फक्त त्यांना ते माहीत नाही.

फरक आहे तो छाटणीत आणि उंचीत. कण्हेर जमिनीपासून हातभर ठेवून कापली तरी बुडातून फुटते आणि नव्या फुटीवरच फुलते. तारेखाली कुणाला लावायचं हे यावरून तुम्हीच ठरवा.

हॉस्टेल_नं_३

मॅडम, तुम्ही आमच्या कॉलेजात का नव्हता?

रंकाळा

धाग्याचा निकाल कधी? ताई, पाऊस आला की तिकडे.

संगममाहुली (सतरा दिवसांनी)

उशीर झाला, माफी. घरभरणी, पाहुणे, त्यात पाऊस.

घडलं ते असं. तुमचे प्रतिसाद मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवले. अण्णांच्या दोन मुंडक्यांवर साहेब हसले, पण मागे हटले नाहीत. दुसऱ्या दिवशी जाऊन एका नर्सरीतून ख्रिसमस ट्री घेऊनच आले, साडेतीन फुटी, बरेच पैसे मोजून. सासूबाई तीन तास बोलल्या नाहीत.

पानफुटीताईंचं वाक्य माझ्या डोक्यात होतं म्हणून मी ते रोप चारही बाजूंनी फिरून पाहिलं. फांद्या दोनच बाजूंना, पंख्यासारख्या चपट्या. शेंडा काठीला घट्ट बांधून उभा केलेला. सुतळी सोडली आणि शेंडा सावकाश आडवा झाला. साहेब बघतच राहिले. सासूबाई दारातून म्हणाल्या, "दमलं असेल, झोपू दे." घरात सलोखा झाला तो त्या क्षणी.

आता ते मोठ्या कुंडीत व्हरांड्यात आहे, आडवंच वाढवणार म्हणतो. हट्टच आहे. मला तर ते आवडायला लागलंय.

कुंपण पूर्ण केलं, जाळी लावून. तारेखालच्या खड्ड्यात कण्हेर. दुसऱ्यात तगर, ते माझं मत, कुणी विचारलं नव्हतं तरी. वाडा उतरवायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी स्वतः कण्हेरीचे पाच छाट आणले, बाटलीत पाण्यात ठेवले. तिघांना पांढरी मुळं फुटली. फूल देवाला वाहायचं, तीर्थात टाकायचं नाही, हे त्यांनी लगेच मान्य केलं. लेक रोज सकाळी कण्हेरीसमोर उभी राहून तिला बोट दाखवून दम देते, "तुला खायचं नाही हां."

शेळीपालक_फलटण

जाळी किती उंच? शेळी चार फूट सहज उडते.

संगममाहुली

पाच.

शेळीपालक_फलटण

मग ठीक.

निशाचर

अण्णा, फोटो राहिलाय.